पंचेचाळीस मिलिमीटर खाली

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. गाडीच्या सस्पेन्शनचा निर्णय शास्त्रशुद्ध पद्धतीने घ्यायचा आहे, म्हणून. यात भीतीचा काही संबंध नाही. पहिल्याच पानावर लिहून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे माझाच गैरसमज व्हायला नको.

पार्श्वभूमी. गाडी घेऊन पाच महिने झाले. कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर, पांढरी. म्हणजे जीपसारखी दिसणारी, पण जीप नसलेली. शोरूमवाल्याने ग्राउंड क्लिअरन्स एकशे नव्वद मिलिमीटर आहे असं मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं आणि मीही मान डोलावली होती. उंच गाडी वळणावर कलते हे त्याने सांगितलं नाही. परवा बावड्याहून पिंपळीला परत येताना कालव्याच्या वळणावर ती एवढी कलली की माझ्या खिडकीतून मला नुसतं पाणी दिसलं. वेग पस्तीस. घरी आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. एसी नीट चालत नसावा.

उत्कर्षा दिवाळीला माहेरी बावड्याला गेली ती तिथंच राहिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. डिसेंबरअखेरची तारीख आहे. परवा निघताना तिने मला गाडीपाशी उभं करून सांगितलं, "इंदापूरला दवाखान्यात मला तुमीच न्यायचं. लखन न्हाय, आप्पा न्हाय. तुमी. कळलं का?" लखन हा तिचा धाकटा भाऊ, आप्पा म्हणजे माझे सासरे महिपतराव. दोघांनाही गाडी उत्तम येते. मी म्हणालो, अर्थात मीच.

निर्णय: गाडी खाली घ्यायची. आठवड्याच्या आत.

५ नोव्हेंबर, बुधवार

कारखाना सुरू झाला. रस्त्याला ऊस लागला. सकाळी दुकानात जाताना (बारामतीत ठिबकचं दुकान आहे माझं) पिंपळीच्या पुढे उसाची ट्रॉली आडवी झालेली. कुणाला काही लागलं नव्हतं. ड्रायव्हर कडेला बसून तंबाखू मळत होता. मी थांबून विचारलं, कशी पडली? तो म्हणाला, "पडायचीच व्हती. पडली."

हे उत्तर दिवसभर डोक्यातून गेलं नाही. पडायचीच होती म्हणजे काय? कुणाला आधी माहीत होतं का? माहीत होतं तर ती रस्त्यावर का आणली?

दुकानापर्यंत पंचवीसने गेलो. एक बाई स्कूटीवरून पुढे गेली. मागे मेथीच्या दोन गोण्या होत्या. जाताना तिने काचेतून आत बघितलं, बहुतेक मला बरं वाटत नसेल असं समजून. मी हात केला.

९ नोव्हेंबर, रविवार

सस्पेन्शनवरचे अकरा व्हिडिओ पाहिले. आता या विषयात बारामती तालुक्यात माझ्याइतकं कुणाला कळत असेल असं वाटत नाही.

पहिला मार्ग, आहे ती स्प्रिंग कापायची. हा अडाण्यांचा मार्ग. दुसरा, कमी उंचीची तयार स्प्रिंग टाकायची, शॉकअप तेच. एक माणूस व्हिडिओत म्हणतो की सहा महिन्यांत शॉकअप मरतो. 'मरतो' हा शब्द त्याने तीनदा वापरला, मी बंद केला. तिसरा मार्ग एअर सस्पेन्शन, बटण दाबलं की गाडी बसते आणि पुन्हा दाबलं की उठते. आणि उठलीच नाही तर? चौथा मार्ग कॉईलओव्हर. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, खाली एक रिंग, ती फिरवून उंची पाहिजे तेवढी ठेवायची. एकदा ठेवली की ठेवली. हे मला पटलं.

आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील, दत्तोबा. ते म्हणाले, "घेताना उंचच पायजे म्हणून शोरूममधी भांडलास. आता बुटकी पायजे. उद्या म्हशीचं पाय कापशील."

आई मात्र म्हणाली की पोटुशीला चढायला-उतरायला खाली असलेलीच गाडी बरी. हे कारण मला आधी का सुचलं नाही? आता सगळ्यांना हेच सांगायचं. खरंही हेच आहे.

संध्याकाळी उत्कर्षाचा फोन. डॉक्टरांनी होणाऱ्या वडिलांसाठी दिलेलं पुस्तक वाचलं का? म्हणालो, चालू आहे. पुस्तक गाडीच्या कप्प्यात आहे. मधलं एक पान उघडलं होतं, त्यावर चित्र होतं. मिटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

इंदापूरला सोनोग्राफी. उत्कर्षाला लखन घेऊन आला, मी इकडून गेलो. डॉक्टरांनी वडिलांना आत बोलावलं होतं, पण गाडी अशा ठिकाणी लावली होती की कुणीतरी ओरखडा काढला असता. त्यामुळे मी गाडीपाशी थांबलो. तिथून दवाखान्याचं दार दिसत होतं.

उत्कर्षा बाहेर आली आणि फोटो दाखवला. काळ्यावर पांढरं. मी म्हणालो, छान आहे. ती म्हणाली, "ठोकं ऐकायला याला पायजे व्हतं तुमी. कसलं पळत्यात." मी म्हणालो, पुढच्या वेळी. पुढची वेळ आहे का ते विचारलं नाही.

मग ती दहा मिनिटं गाडीत बसली. मी तिला स्प्रिंग रेट, म्हणजे स्प्रिंग किती कडक ते, समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तुमी भ्यालाय का?"

मी हसलो. जरा जास्त वेळ हसलो असं आता वाटतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

एमआयडीसीत विजयसिंहांच्या गॅरेजला गेलो. पन्नाशीचे आहेत, निम्म्या तालुक्याच्या गाड्या त्यांच्याकडे येतात. मी विषय काढल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, "हितं समदी गाडी वर करून घ्यायला येत्यात. खाली करायला आल्यालं तुमीच पयलं."

मला बरं वाटलं.

त्यांचं मत असं की ग्राइंडरने दोन वेटोळी उडवली की काम झालं, अर्धा तास. मी त्यांना कॉईलओव्हरबद्दल वीस मिनिटं सांगितलं. ते म्हणाले, पुण्याहून मागवावे लागतील, बसवतो मी. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. गाडीत माणसं किती असतात? मी म्हणालो, दोन. ते म्हणाले, "दोनच? नीट सांगा, त्यावर उंची ठरती." मी म्हणालो, मी आणि मिसेस, फायनल. शास्त्रात अंदाजपंचे चालत नाही.

रस्त्यावरच्या स्पीड ब्रेकरचं काय, असंही त्यांनी विचारलं. गाडी तिरकी घेणार, मी म्हणालो. ते म्हणाले, "बघा बुवा."

२० नोव्हेंबर, गुरुवार

ऑर्डर देणार होतो. आई म्हणाली आज अमावस्या आहे. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. उद्या देतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

उद्या देतो असं लिहिलं होतं, पण दोन कंपन्यांची तुलना राहिली होती. एकीच्या रिंगला पिवळा रंग आहे, दुसरीच्या रिंगला लाल. पिवळीबद्दल एकजण लिहितो की वळणावर गाडी 'जमिनीला धरून' राहते. हे वाक्य मी कागदावर उतरवून पाकिटात ठेवलं आहे.

आज बावड्याला जायचं होतं. गेलो नाही. सस्पेन्शन बसल्याशिवाय त्या रस्त्याला जाणं हे बेजबाबदारपणाचं ठरेल. उत्कर्षाला तसं कळवलं. ती म्हणाली, "एसटीनं या की." एसटीने मी कसा येणार? एसटी आमच्या गाडीच्या दुप्पट उंच असते.

दुपारी आबांना शेजारी बसवून कालव्याच्या वळणाची चाचणी घेतली. वेग अठ्ठावीस. वळणाच्या आधी मी थांबलो, उतरून चाकं बघितली, पुन्हा बसलो. आबा म्हणाले, "मी चालत जातो. म्हशीची येळ झाली." आणि खरंच उतरून गेले. मी घरी पोहोचलो तेव्हा त्यांची धार काढून झाली होती.

३० नोव्हेंबर, रविवार

ऑर्डर दिली. पिवळी.

खरं कारण असं की उत्कर्षाने फोनवर सांगितलं, बाळ खाली सरकलंय असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे काय असं विचारलं. ती म्हणाली, "म्हंजी तयारी चाललीय त्याची. तुमची झाली का?" मी फोन ठेवला आणि पाच मिनिटांत ऑर्डर देऊन टाकली.

बाकी आज काही नाही. जेवण गेलं नाही. आईने वांग्याचं भरीत केलं होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

पार्सल आलं. आज दत्तजयंती, गॅरेज बंद. चार कॉईलओव्हर ओसरीवर मांडून ठेवले. फार देखणे आहेत. शेजारचे तात्याबा बघायला आले आणि बोअरच्या मोटरीचं सामान आहे का असं विचारून गेले.

आईने कॉईलओव्हरना हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. मलाही हात जोडायला लावले. मी मनातल्या मनात म्हणालो, दत्तात्रेया, तिला काही होऊ देऊ नकोस.

मला गाडीला म्हणायचं होतं.

७ डिसेंबर, रविवार

रस्त्याचा अभ्यास. बावडा ते इंदापूर ब्रेकर किती ते लखनला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "सरकारी का गावकीचं, दाजी?" दोन्ही सांग म्हणालो. सरकारी सात. गावकीचे सोळा. कारखाना लागला की उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून सुसाट जातात, म्हणून प्रत्येक वस्तीने आपल्या दारात मुरूम टाकून, वर डांबर ओतून आपला आपला ब्रेकर केला आहे. मी उंची विचारली. तो म्हणाला, "टेप न्हाय माझ्याकडं. पर गुडघ्याच्या जरा खाली येत्यात."

लखन उंच आहे. त्याचा गुडघा कितीवर येतो ते विचारायचं राहिलं.

हरकत नाही. तिरकी घेणार.

१० डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी ७

बसले! चारही बसले!

विजयसिंह म्हणाले पंचवीस मिलिमीटर बास झालं. मी पंचेचाळीसवर ठाम राहिलो. ते म्हणाले, मागच्या सीटवर कुणी बसलं तर टायर मडगार्डला लागंल. मी म्हणालो, बसणार नाही. पूर्वी टायर आणि मडगार्डमध्ये माझी चार बोटं जायची. आता एक जातं, करंगळी.

येताना कालव्याचं वळण बेचाळीसने घेतलं. गाडी कलली नाही. खिडकीतून पाणी दिसलं नाही, दिसला तो ऊस आणि एक म्हातारा. मी एकटाच मोठ्याने हसलो. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा छाती मोकळी झाली. मग लगेच वाटलं की आता बावड्याला जायला काही अडचण उरलेली नाही, आणि पुन्हा जरा आवळल्यासारखी झाली. गॅस असेल.

एकच किरकोळ गोष्ट. आमच्या अंगणाच्या उंबऱ्यावर गाडीचं पोट लागलं. आवाज मोठा आला, पण नुकसान नाही. आबांनी दोन फळ्या आणून टाकल्या आणि फळ्यांवरून गाडी आत घेतली, नवरीला पाटावर घेतात तशी. आई ओवाळायलाच येणार होती, मी नको म्हणालो.

१३ डिसेंबर, शनिवार

फळ्यांची सवय झाली. सकाळी आबा टाकतात, संध्याकाळी आई. दुकानापर्यंत तीन ठिकाणी पोट लागतं, पण ठिकाणं माहीत असली की तो धक्का उरत नाही.

उत्कर्षाचा फोन. डॉक्टर म्हणाले आता कधीही. गाडीचं काम झालंय हे तिला लखनकडून कळलं होतं. ती म्हणाली, "आता काय राह्यलंय?" मी म्हणालो, व्हील अलाइनमेंट. ती म्हणाली, "यशराज." ती मला नावाने हाक मारत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, आज पहिल्यांदा मारली. आणि ठेवला फोन.

संकल्प: सोमवारी निघायचं. सोमवारी दुकानात माल येणार आहे. मंगळवारी.

१६ डिसेंबर, मंगळवार. बावडा

पोहोचलो. इंदापूरपासून इथपर्यंत तेवीस ब्रेकर, एकोणीस स्वच्छ, चार लागले. एकट्याच्या वजनाने हा निकाल उत्तमच म्हणावा लागेल. प्रत्येक ब्रेकरला गाडी पूर्ण तिरकी करावी लागते, म्हणजे समोरच्याला वाटतं मी वळतोय. तीन मोटारसायकलवाल्यांनी शिव्या दिल्या. दोघांना मी समजावून सांगायचा प्रयत्न केला.

सासऱ्यांनी गाडीला एक फेरी मारली. म्हणाले, "पाव्हणं, चाकात हवा कमी हाय का?" मी सांगितलं, ही रचनाच आहे. ते बरं म्हणाले आणि तरीही वाकून टायर दाबून बघितला.

उत्कर्षा गाडीत बसून बघायला आली. एका दमात बसली. म्हणाली, "बसायला बरं वाटतं." एवढ्या एका वाक्यासाठी दीड महिना घालवला, ते सार्थकी लागलं. तिचे पाय सुजले आहेत. चेहरा भरलाय. मी फार वेळ तिच्याकडे बघू शकलो नाही. तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून एक जोराची ढुशी आली. मी हात काढून घेतला आणि म्हणालो, हाताला ग्रीस आहे.

हाताला ग्रीस नव्हतं.

१७ डिसेंबर, बुधवार. सकाळी ९.१०

कळा सुरू. मी शांत आहे. पेन दोनदा पडलं.

९.२५

उत्कर्षा चालत गाडीत बसली. तीही शांत आहे. निघतोय. सासूबाई काहीतरी आणायला आत गेल्या आहेत.

९.४०

अजून आणतायत.

दुपारी १२.२०. रस्त्याच्या कडेला

ज्वारीच्या पोत्यावर बसून लिहितोय. जे झालं ते झालं तसं लिहून ठेवायचं, नंतर मी ते बदलेन याची मला खात्री आहे.

जावयाची गाडी रिकामी जाऊ देत नाहीत. हे मला लग्नापासून माहीत आहे. विजयसिंहांनी माणसं किती विचारली तेव्हा ते आठवलं नाही. दवाखान्यातून मी पुढे पिंपळीला आई-आबांना सांगायला जाणार, मग विहिणीकडे रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, असं सासूबाईंचं म्हणणं. सासूबाई म्हणजे सारजाबाई. लेकीला कळा येत असताना त्यांनी मागे ज्वारीचं पोतं चढवलं. डाळिंबांचे दोन क्रेट. काकवीचा डबा. मी म्हणालो, नको. त्या म्हणाल्या, "असू द्या हो." मी म्हणालो, खरंच नको. त्यांनी तुपाची बरणी आणली. मी जितक्या वेळा नको म्हणालो तितक्या वेळा काहीतरी आलं. जावयाने नको म्हणायचं असतं आणि सासरच्यांनी ते ऐकायचं नसतं, त्यामुळे माझं खरं नको कुणाला ओळखूच आलं नाही. मला ओरडून सांगता आलं असतं. सासऱ्यांसमोर ओरडायची मला भीती वाटली.

मग मागे सासूबाई बसल्या, चुलतसासूबाई बसल्या, आणि बाळंतपणातल्या जाणत्या म्हणून शेजारच्या एक आजी बसल्या. गाडी बसली. करंगळी सोडा, टायर आणि मडगार्डमध्ये कागद गेला नसता.

पहिला ब्रेकर सरकारी, घासत गेला. दुसरा गावकीचा. तिरकी घेतली. पुढची चाकं पार झाली, पोट टेकलं आणि गाडी तिथंच राहिली. पुढे जाईना, मागे येईना. चाकं नुसती फिरत होती. जळका वास येत होता. उत्कर्षाने डॅशबोर्डला धरलं आणि एकदा मोठ्याने ओरडली. तो आवाज मी विसरणार नाही.

सगळ्या उतरल्या. पोतं उतरवलं. तरी नाही. मागे उसाचे सहा ट्रॅक्टर थांबले, सहाही गाण्यांसकट. ड्रायव्हर उतरून आले, वाकून बघू लागले. एकजण म्हणाला, "गाडीचं शॉकप गेल्यात वाटतं." मी त्याला म्हणालो की हे नवीन आहेत. उत्कर्षा रस्त्यात गाडीच्या टपावर कपाळ टेकून उभी होती आणि मी एका अनोळखी माणसाला शॉकअप नवीन असल्याचं सांगत होतो.

समोरून दुधाचा टेम्पो आला. आजींनीच हात केला. त्याने जागेवर टेम्पो फिरवला. उत्कर्षाला केबिनमध्ये चढवलं, सासूबाई शेजारी. मागे कॅन होते, कॅनच्या मध्ये जागा होती, एका माणसाला पुरेल एवढी. उत्कर्षाने केबिनमधून बाहेर मान काढली आणि म्हणाली, "अहो, चढा की."

मी म्हणालो, गाडी रस्त्यात आहे. कुणीतरी थांबायला पाहिजे.

तिने माझ्याकडे बघितलं. मग टेम्पो गेला.

त्यानंतर आठ जणांनी गाडी हातांनी उचलून कडेला ठेवली. पाच मिनिटांचं काम. म्हणजे रस्ता पाच मिनिटांत मोकळा झाला आणि मी इथं दोन तास बसलोय. चुलतसासूबाई आणि आजी मागून आलेल्या जीपमध्ये बसून गेल्या, त्यांनीही मला चला म्हटलं. मी गाडी बघतो म्हणालो. गाडीला काय धाड भरली आहे? ती नीट उभी आहे. वाऱ्याने सुद्धा हलत नाहीय.

१८ डिसेंबर, गुरुवार. इंदापूर, दवाखाना

मुलगी. काल दुपारी दोन चाळीसला. दोन किलो आठशे. दोघी सुखरूप आहेत. हे वाक्य मी आज सकाळपासून सगळ्यांना फोनवर सांगतोय, पण खरं कळलं ते आता लिहिताना.

मी पोहोचलो चार वाजता. लखन मोटारसायकल घेऊन शोधत आला आणि म्हणाला, "दाजी, बसा." त्याच्या मागे बसलो. डोळे मिटून घेतले. गाडी तिकडे रस्त्याकडेच्या चिंचेखाली आहे, ज्वारी आणि डाळिंबं आत आहेत.

वॉर्डात गेलो तेव्हा उत्कर्षा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पलंगाजवळ उभा राहिलो. तिने वळून बघितलं आणि विचारलं, "गाडी कशी हाय?"

तिने चिडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. साधं विचारलं, जसं पाहुण्यांना पाऊसपाणी विचारतात तसं. मला अलाइनमेंट सुचली, ट्रॅफिक सुचला, गावकीचे ब्रेकर सुचले. तोंड उघडलं आणि म्हणालो, मी भ्यालो होतो. गाडीला नाही. तुला काही झालं असतं तर, याला. पहिल्यापासून. त्या सोनोग्राफीच्या दिवशीही मी गाडी राखत नव्हतो.

ती म्हणाली, "मला ठावं हाय ते." मग म्हणाली, "मी बी भ्याले व्हते. पर मला उतरायची सोय न्हवती."

हे तिच्याच शब्दांत लिहून ठेवतोय.

आज सकाळी सिस्टर मुलीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, घ्या बाबा, हात पुढे करा. मी हात आधी मागे घेतले, ते सगळ्यांना दिसलं. सासरे दारात उभे होते, लखन होता, पिंपळीहून आई-आबा आले होते. सिस्टर म्हणाल्या खुर्ची आहे, खुर्चीत बसून घ्या. मी खुर्चीकडे बघितलं. म्हणालो, उंच आहे. आणि सगळ्यांसमोर फरशीवर मांडी घालून बसलो.

कुणी हसलं नाही. आबा हसणार होते, आईने त्यांचा हात धरला. सिस्टरनी वाकून मुलीला माझ्या मांडीवर दिलं. तिथून पडायला जागा अशी नव्हतीच. तरी मी दोन्ही हातांनी तिला घट्ट धरून ठेवलं. तिने डोळे उघडले, तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली.

सासूबाई म्हणाल्या, "पाव्हणं, जरा सैल धरा."